खाड्यांचा हिशेब : दिव्यांग बालकाचे घर आणि आपली शाळा

हजेरीपट पाहताना आपले लक्ष ज्याच्या नावापुढे खाडे आहेत त्याच मुलाकडे जाते, आणि तसे होणे स्वाभाविक आहे. परंतु पारोळा, साक्री, चोपडा या तालुक्यांतील शाळांना भेटी देत असताना एक निराळी गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली. चौथी-पाचवीतील एखादी चुणचुणीत मुलगी आठवड्यातून दोन दिवस नेमाने गैरहजर असते. शिक्षकांस विचारले म्हणजे ‘घरी काम असते’ असे उत्तर मिळते. घरी जाऊन पाहावे, तर तिचा धाकटा भाऊ आपला आपण उठून बसू शकत नाही असे दिसते. आई कापूस वेचावयास गेली की त्याच्यापाशी कोणी तरी असावे लागते, आणि ते ‘कोणी तरी’ म्हणजे ही मुलगी. एका मुलाच्या अपंगत्वाचा खर्च हजेरीपटात दुसऱ्याच मुलाच्या नावावर पडलेला असतो.

अशा घराचा जमाखर्च कसा चालतो, तो कोठे फाटतो, आणि त्याला ठिगळ लावण्याच्या कामी गावच्या शिक्षकाचा किती उपयोग होऊ शकतो, याचा विचार या पाठात करावयाचा आहे. हा विषय समाजकल्याण विभागाचा आहे, आपला नव्हे, असे काही शिक्षकबंधूंना वाटेल. त्यांनी शेवटपर्यंत वाचावे, एवढीच विनंती आहे.

प्रथम घराची घडण पाहू. आपल्या खानदेशात पुष्कळ घरांतून बाप सालदार असतो. त्याचे साल आखाजीला धरले जाते आणि सालाच्या आरंभी उचल घेतली जाते. ती उचल मागील देण्यात, लग्नकार्यात किंवा घराच्या पत्र्यांत खर्ची पडते. त्यामुळे पुढील वर्षभर बापाचे श्रम चालू असले तरी त्याच्या हाती रोकड अशी थोडीच येते. रोजचा पैसा येतो तो आईच्या मजुरीचा. निंदणी, दिवाळीच्या सुमारास सुरू होणारी कापसाची वेचणी, रावेर-यावलकडे केळीच्या बागांतील काम, यांतून तेल, मीठ, डाळ, वह्या आणि मुलाचे औषध येते. चैत्र-वैशाखात कोरडवाहू गावांत कामच नसते. तेव्हा सुगीच्या चार महिन्यांत आईचा एक दिवस बुडाला, तर तो उन्हाळ्यातील एका दिवसाची भाकर घेऊन बुडतो.

सालदाराच्या करारात खाडे मोजले जातात, हे आपण जाणतोच. आईच्या मजुरीचे खाडे मात्र कोणीही मोजत नाही. दिव्यांग बालकाच्या घरी खर्च कशावर होतो असे विचारले, तर घरची माणसे औषधे आणि डॉक्टर यांची नावे घेतात. माझा अनुभव असा आहे की औषधाच्या चिठ्ठीवरील आकड्यापेक्षा आईचे बुडालेले दिवस अधिक महाग पडतात. ते कोठेही लिहिलेले नसल्यामुळे त्यांवर उपायही योजला जात नाही.

म्हणून पहिले काम हे खाडे लिहून काढण्याचे. त्यासाठी नवी वही नको. बहुतेक घरांच्या भिंतीवर दिनदर्शिका असते. ज्या दिवशी आई कामाला गेली त्या तारखेवर टिंब, ज्या दिवशी मजुरी बुडाली त्या तारखेवर फुली, आणि फुलीशेजारी कारणाचे एक अक्षर : दवाखान्याला ‘द’, कागदपत्रांना ‘क’, शाळेतून बोलावणे आले तर ‘श’, मूल आजारी पडले तर ‘आ’, इतर कारणांना ‘इ’. आईला अक्षरओळख नसली तर हे काम थोरल्या मुलीने करावे. तिच्या गणिताचाही तो अभ्यास होतो.

महिनाअखेर काय दिसेल, ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. महिन्यात कामाचे दिवस २६ मिळण्यासारखे होते असे धरू. त्यांपैकी आई ११ दिवस गेली आणि १५ खाडे पडले. त्यांत शाळेच्या बोलावण्याचे ५, दवाखान्याचे ३, कागदपत्रांचे ३, मुलाच्या आजारपणाचे २ आणि लग्न-मयतीचे २. मजुरी गावागावांत निराळी असते. हिशेबाच्या सोयीसाठी ती ३०० रुपये धरली, तर १५ खाड्यांचे ४,५०० रुपये झाले. या पंधरा दिवसांतील आजारपण आणि लग्न-मयत आपल्या हाती नाही. उरलेल्या अकरा दिवसांविषयी मात्र पुष्कळ काही करता येते, आणि त्यांतील पाच तर थेट आपल्या शाळेने निर्माण केलेले आहेत.

हे पाच दिवस कसे पडतात? अकरा वाजता शाळेतून निरोप जातो : ‘पोराने चड्डीत केले आहे, घेऊन जा.’ किंवा ‘याला जेवता येत नाही, भरवायला या.’ आई शेतातून येते. अर्धा दिवस गेला की वेचणीची मजुरी निम्म्याहून कमी होते, कारण ती किलोवर असते. आणि दोनदा असे झाले की मुकादम तिला टोळीत घेत नाही. पारोळा तालुक्यातील एका शाळेच्या आवारात, निंबाखाली, एक बाई रोज शाळा सुटेपर्यंत बसून असलेली मी पाहिली. मुलाला मधल्या वेळी शौचाला नेण्यासाठी ती बसत असे. मी चौकशी केली, तेव्हा ती मलाच विचारू लागली : ‘गुरुजी, कामले जाऊ का याले देखू?’ मला उत्तर देता आले नाही. मुलगा पटावर होता, हजर होता, शिकतही होता. आमच्या अहवालात ते यश म्हणून नोंदले गेले असते. घराच्या हिशेबात मात्र मुलाची शाळा म्हणजे आईच्या मजुरीवर पडलेली रोजची फुली होती.

आता एक तुलना करू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेखाली पात्र दिव्यांग व्यक्तींना मिळणारी रक्कम महिना २,५०० रुपये करण्याचा निर्णय २०२५ साली झाला; तत्पूर्वी ती १,५०० रुपये होती. वर्षाचे ३०,००० रुपये झाले. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेचे किमान २०० दिवस भरावयाचे असतात. त्यांपैकी केवळ निम्म्या दिवशी आई निर्धास्तपणे कामाला जाऊ शकली, तर १०० दिवसांचे ३०० रुपयांप्रमाणे ३०,००० रुपयेच होतात. जी रक्कम शासनाने तिजोरीतून द्यावी अशी आपली अपेक्षा असते, तितकीच रक्कम मुलाला दिवसभर सांभाळून घेणारी शाळा त्या घराला मिळवून देते. शिवाय अनुदानाला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे. सालदाराचे वार्षिक उत्पन्न कागदावर आले की पुष्कळदा तो दरवाजा बंद होतो. शाळेच्या दरवाजाला अशी मर्यादा नाही.

येथे माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगितली पाहिजे. सन १९९० नंतरच्या दशकात मी एका खेड्यात शिक्षक होतो. पाय आणि उजवा हात आखडलेल्या एका मुलाला आई पाठुंगळी मारून घेऊन आली. वर्गात साठ मुले, मी एकटा. ‘ताई, याला घरीच असू द्या, मी अधूनमधून येऊन पाहत जाईन,’ असे मी म्हणालो. मी गेलो नाही. अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा १९९५ सालचा. त्यात अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क लिहिलेला होता आणि मी तो वाचलाही होता. दोन वर्षांनी कळले की आईने मजुरी सोडली, घरच्या दोन शेळ्या विकल्या गेल्या आणि मुलाची बहीण पाचवीतून काढून कामाला लावली. एका वाक्याने मी तीन माणसांचे नुकसान केले होते, आणि ते करताना मला आपण समजूतदारपणे वागत आहोत असेच वाटत होते.

तेव्हा शाळेने काय करावयाचे? शौचाचा प्रश्न सर्वांत मोठा, कारण त्याविषयी कोणी बोलत नाही. ठरावीक वेळी, म्हणजे आल्यावर, मधल्या सुट्टीत आणि जेवणानंतर मुलाला नेले, तर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक मुलांना सवय लागते. मधे मडक्याच्या तोंडाएवढे भोक ठेवलेली लाकडी खुर्ची गावचा सुतार करून देतो. नेण्याचे काम कोणी करावयाचे हे शाळा व्यवस्थापन समितीत ठरवावे. मोठ्या मुलांवर ते ढकलू नये. मुलगी असेल तर बाईमाणूसच असले पाहिजे. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंशी बोलून, त्यांच्या राजीखुशीने आणि समितीच्या ठरावाने, पुष्कळ ठिकाणी सोय होऊ शकते. समग्र शिक्षा योजनेत मदतनीस भत्ता व प्रवास भत्ता यांची तरतूद आहे; गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षण तज्ज्ञांकडे त्याची मागणी वेळेवर गेली पाहिजे. त्याच योजनेत पहिली ते बारावीच्या दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपये, वर्षातून दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ताही आहे. प्रतिबालक वार्षिक ३,५०० रुपयांचा जो आकडा आपल्या कानी येतो, तो मात्र साधने, सेवा इत्यादी मिळून आखलेला योजनेचा निकष आहे, पालकांना द्यावयाची रोख रक्कम नव्हे. या बाबतीत गैरसमज होऊन पालक शिक्षकावर रुष्ट झालेले मी पाहिले आहेत.

जेवणाविषयी थोडे. मेंदूच्या पक्षाघातामुळे, ज्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात, गिळण्यास त्रास होणाऱ्या मुलाला आडवे ठेवून कधीही भरवू नये. पाठ सरळ, मान किंचित पुढे, घास लहान आणि मऊ. चमच्याच्या दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबचे वेटोळे घातले की आखडलेल्या बोटांत तो धरता येतो. पेन्सिलीलाही तीच युक्ती चालते. मेक्सिकोतील डोंगराळ खेड्यांत काम केलेल्या डेव्हिड वर्नर यांनी १९८७ साली खेड्यांतील अपंग मुलांसंबंधी एक मोठा ग्रंथ इंग्रजीत लिहिला. त्यात अशी गावातल्या गावात करण्याची शेकडो साधने चित्रांसह दिली आहेत. ती पाहताना आपलेच सुतार, लोहार आणि सायकलवाले आठवतात.

फेफऱ्याची भीती हे मुलाला घरी पाठवण्याचे दुसरे कारण. झटका आला तर मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्या, तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, आणि घड्याळाकडे पाहावे. पाच मिनिटांवर झटका राहिला किंवा लागोपाठ दुसरा आला, तर दवाखान्यात न्यावे. एरवी मूल थोड्या वेळाने शुद्धीवर येते, झोपते, आणि पुन्हा वर्गात बसू शकते. यासाठी आईला शेतातून बोलावण्याचे कारण नाही. सायंकाळी किती वाजता झटका आला व किती वेळ राहिला एवढे चिठ्ठीवर लिहून द्यावे. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. फेफऱ्याचे औषध पैशाअभावी एकाएकी बंद करणे हे मात्र जिवावर बेतू शकते. काटकसर करणाऱ्या घरात प्रथम हीच गोळी अर्धी होते, कारण झटका नसलेल्या दिवसांत ती निरुपयोगी वाटते. आईला हे आपण स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतून उपचार निःशुल्क आहेत. तो निर्णय त्या विभागाच्या संस्थांपुरता असल्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपरचे पैसे पडले तर पालकांनी गोंधळू नये.

आता दवाखाना आणि कागदपत्रे यांचे सहा दिवस. याही बाबतीत एक गणित मांडतो. गावाहून जिल्ह्याच्या ठिकाणी एस.टी.चे एका वेळचे पूर्ण भाडे ८० रुपये धरू. बापाचे जाऊन-येऊन १६०. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे भाडे असल्याने आईचे ८०. मुलाचे अर्धे तिकीट, ८०. एकूण ३२०. आईची मजुरी ३००, बापाचा खाडा ४००. रिक्षा, चहा-भाकर, झेरॉक्स मिळून १८०. एक फेरी १,२०० रुपयांची झाली. प्रमाणपत्रासाठी अशा चार फेऱ्या झाल्या तर ४,८००. पूर्वतयारी करून आई एकटी दोनदा गेली, तर भाड्याचे १६०, मजुरीचे ३०० आणि इतर १४० मिळून फेरीला ६००, म्हणजे एकूण १,२०० रुपये. फरक ३,६०० रुपयांचा, आईच्या बारा दिवसांच्या मजुरीइतका. सात-आठ वर्षांचे न चालणारे मूल एकट्या आईला उचलवत नाही, हेही खरे. तेथे बापाला जावेच लागेल, पण फेऱ्या कमी करणे तरी साधते.

फेऱ्या वाढतात त्या बहुधा अपुऱ्या कागदांमुळे व चुकीच्या वारी गेल्यामुळे. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र केंद्र शासनाच्या स्वावलंबन पोर्टलवरूनच दिले जाते. अर्ज गावच्या सेवा केंद्रात भरता येतो. आधार कार्डावरील नाव व शाळेच्या दाखल्यावरील नाव एक असले पाहिजे. काना-मात्रेचा फरकही फेरी वाढवतो, आणि हा फरक दुरुस्त करण्यास शिक्षकाइतका योग्य माणूस गावात नाही. संबंधित तज्ज्ञ डॉक्टर कोणत्या वारी बसतात हे निघण्यापूर्वी फोनने विचारावे. पालकांनी विचारले तर उत्तर मिळतेच असे नाही, मुख्याध्यापकांनी विचारावे. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरील मुदतीची तारीख दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी. सर्व कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत, मूळ आणि दोन-दोन प्रती, असे ठेवावे. अहिराणी, लेवा बोली किंवा पावरी बोलणाऱ्या आईला अर्जातील ‘लाभार्थी’, ‘स्वयंघोषणापत्र’ हे शब्द परके असतात. ते तिच्या बोलीत सांगणे, हेही भाषेचे अध्यापनच होय.

प्रमाणपत्र हाती आल्यावर एस.टी.त दिव्यांगाला ७५ टक्के सवलत मिळते. मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी, १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची विमा योजना आहे. तीत बाह्यरुग्ण उपचार आणि व्यायामोपचार यांचाही समावेश होतो, हे तिचे वैशिष्ट्य. पण नूतनीकरण दर वर्षी करावे लागते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. ग्रामसभेत याविषयी विचारणा व्हावी. शिक्षकाने गावच्या राजकारणात पडू नये हा नियम मला मान्य आहे, परंतु वाचता न येणाऱ्या आईच्या वतीने एक अर्ज लिहून देणे म्हणजे राजकारण नव्हे.

खर्चाची एक वाट अशी आहे की तिच्यावरून माणसे फार मागे येत नाहीत. ‘पोरगं तीन महिन्यांत चालू लागेल’ असे सांगून तेल, पुड्या, पट्टे विकणारे लोक बाजाराच्या दिवशी भेटतात. पक्षाघात, बहिरेपणा, अंधत्व, फेफरे हे विकार बरे करतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या एका केंद्रीय कायद्याने मनाई आहे, हे पालकांना सांगावे. मात्र घरातील नवसाची थट्टा करू नये. कानबाईपुढे मुलासाठी हात जोडणारी आई काही गमावत नाही; नवसापायी बोकडासाठी महिना शेकडा पाच रुपये व्याजाने दहा हजार काढणारे घर दर महिन्याला ५०० रुपये, म्हणजे जवळजवळ दोन दिवसांची मजुरी, गमावते. बचत गटातील कर्ज सामान्यतः याहून पुष्कळ स्वस्त पडते. आई गटात नसेल तर का नाही, हेही विचारावे. सभेच्या दिवशी मुलाला कोणी सांभाळत नाही, हेच कारण बहुधा निघते.

शिबिरात मिळणाऱ्या साधनांविषयी इतकेच की मोजमाप आणि वाटप यांच्या मध्ये महिने जातात व तेवढ्यात मूल वाढते. तंग झालेले कॅलिपर किंवा मोठी पडणारी चाकाची खुर्ची खुंटीला किंवा छपरात जाते. ती परत करून योग्य मापाची मागावी.

घरी राहून शिक्षण घेण्याची मुभा तीव्र व बहुविध दिव्यांगत्व असलेल्या बालकांसाठी २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. ज्याला खरोखर हलवता येत नाही त्याच्यासाठी ती आहे. निवड पालकांची आहे, शाळेची नव्हे. आणि ती करताना आईने खाड्यांचा हिशेब पाहिलेला असावा. ऊसतोडीला जाणाऱ्या चाळीसगाव-साक्रीकडील घरांत हा विचार दिवाळीपूर्वीच व्हावा, कारण गाडी निघण्याच्या दिवशी मूल आजीपाशी ठेवावयाचे की फडावर न्यावयाचे, याचा निर्णय घाईत होतो.

पुढील शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने अशा एका घराच्या दिनदर्शिकेवरील एका महिन्याचे पान, पालकांच्या संमतीने व नाव न लिहिता, उतरवून आणावे. त्यात ‘श’ किती आहेत ते आपण प्रथम मोजू.